रुग्णाची हकीकत आणि वैद्यकीय नोंद : एका भाषांतराचा इतिहास

१. प्रास्ताविक

वैद्यकीय संशोधन आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही क्षेत्रांत गेल्या काही दशकांत ‘डेटा’ हा शब्द केंद्रस्थानी आला आहे. रुग्णालयातील कागदी केसपेपरची जागा संगणकावरील नोंद घेत आहे आणि लक्षावधी नोंदी एकत्र करून त्यांतून रोगांविषयीचे निष्कर्ष काढले जात आहेत. या बदलाविषयी जे लेखन होते ते बहुधा यंत्राच्या अंगाने होते. साठवणुकीची क्षमता, वेग आणि सुरक्षितता हे त्याचे विषय असतात. प्रस्तुत लेखात याच विषयाकडे भाषेच्या आणि इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या क्षेत्रात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, प्रयोगशाळेतील मोजमापे आणि प्रतिमा वगळल्या तर वैद्यकीय नोंद ही मुळात कोणीतरी कोणाला तरी सांगितलेली हकीकत असते. रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक आपल्या बोलीत काही सांगतात. ऐकणारा ते आपल्या शास्त्राच्या परिभाषेत उतरवून घेतो. पुढे त्या परिभाषेचा संकेतांक होतो आणि संकेतांकांचा तक्ता होतो. म्हणजे येथे किमान तीन वेळा भाषांतर घडते. यांपैकी पहिले भाषांतर सर्वांत नाजूक असते, कारण तेथे जे निसटते ते पुढच्या कोणत्याही टप्प्यावर परत मिळत नाही. संगणकाने दुसरे आणि तिसरे भाषांतर अतिशय वेगवान केले आहे. पहिले मात्र आजही एका माणसाने दुसऱ्याचे ऐकण्यावर अवलंबून आहे. या पहिल्या भाषांतराचा इतिहास भारताच्या, विशेषतः मुंबई आणि महाराष्ट्राच्या संदर्भात तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२. रोगाचे नाव आणि रोगांची यादी

युरोपीय वैद्यक आणि आपल्या बोली यांची गाठ फार जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात पटकीच्या रोगाचे सविस्तर वर्णन आहे. ओर्ताने या रोगाला लॅटिन नाव दिले, परंतु येथील लोक त्याला काय म्हणतात तेही नोंदवले. तो शब्द म्हणजे आपला ‘मोडशी’. पुढे हाच शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी ‘मोर्देशिं’ झाला आणि फ्रेंचांनी ध्वनिसाम्यावरून त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा लावला. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना उच्चार टिकतो आणि अर्थ हरवतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. तथापि ओर्ताने रोग्याच्या परिसरातील शब्द आपल्या ग्रंथात ठेवला, म्हणूनच आज चार शतकांनंतर आपल्याला त्या रोगाची ओळख पटवता येते.

ओर्ताची नोंद एका वैद्याची होती. संपूर्ण शहराच्या मृत्यूंची नोंद करण्याची प्रथा लंडनमध्ये दृढ झाली. तेथे मृत्युपत्रके दर आठवड्याला प्रसिद्ध होत आणि मृत्यूचे कारण ठरवण्याचे काम परगण्यातील वृद्ध स्त्रियांकडे असे. या स्त्रिया मृताच्या घरी जाऊन प्रेत पाहत आणि चौकशी करून कारण कळवीत. जॉन ग्रॉन्ट या कापडाच्या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये या पत्रकांचा अभ्यास करून जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो लोकसंख्याशास्त्राचा आरंभ मानला जातो. ग्रॉन्टची थोरवी केवळ बेरजा-वजाबाक्यांत नाही. उपदंशाने झालेले मृत्यू पत्रकात इतके थोडे का दिसतात, असा प्रश्न त्याने विचारला आणि बदनामी टाळण्यासाठी चौकशी करणाऱ्या स्त्रियांना पैसे चारून दुसरे कारण लिहवले जाते, असे उत्तर दिले. आकड्यांच्या पहिल्याच अभ्यासकाने आकडा लिहिणाऱ्या हाताकडे पाहिले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्ममृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली आणि १८३९ मध्ये विल्यम फार या खात्यात रुजू झाला. एकाच रोगाला तीन-चार नावे आहेत आणि एकच नाव अनेक रोगांना लावले जाते, ही त्याची मुख्य तक्रार होती. भौतिक शास्त्रांत वजनमापांना जे स्थान आहे तेच रोगांच्या नामावलीला वैद्यकात असले पाहिजे, असे त्याचे मत होते. फारच्या प्रयत्नांतून, पुढे १८९३ मध्ये झाक बर्तियों याने मांडलेल्या यादीतून आणि १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखाली आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण विकसित होत गेले. त्याची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांतील रोगसंज्ञांना संकेतांक देणारा विभाग जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

यादीची गरज नाकारता येत नाही. यादी नसेल तर मुंबईतील मृत्यूची तुलना लंडनमधील मृत्यूशी करता येणार नाही आणि कालच्या मृत्यूची आजच्याशीही करता येणार नाही. प्रश्न यादीचा नसून यादीपर्यंत पोचण्याच्या वाटेचा आहे. ती वाट किती बिकट होऊ शकते हे मुंबईच्या प्लेगने दाखवून दिले.

३. मुंबईचा प्लेग : नोंद आणि भीती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ग्रंथिज्वराच्या प्लेगचे निदान केले. त्याच वर्षी वॉल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहान जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी यांची तुलना करण्यात आली. भारतातील पद्धतशीर लसचाचण्यांच्या इतिहासात या नोंदींना मोठे स्थान आहे. ज्यांची नोंद झाली ते कैदी होते, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

तुरुंगाबाहेर परिस्थिती निराळी होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात सैनिकांकरवी घरोघर झडती सुरू झाली. संशयित रोग्यांना छावणीत नेणे, घरातील सामान जाळणे, स्त्रियांची परक्या पुरुषांकडून तपासणी होणे, या प्रकारांनी लोक संतप्त झाले. २२ जून १८९७ रोजी झालेला रँड यांच्यावरील हल्ला आणि मार्च १८९८ मधील मुंबईतील दंगल ही त्याची ठळक फळे इतिहासाच्या पुस्तकांत आढळतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र एक कमी ठळक फळ अधिक महत्त्वाचे आहे. लोक आजारी माणसांना लपवू लागले, मृत्यू झाकू लागले आणि कारण विचारले तर दुसरा ताप सांगू लागले. काखेत किंवा जांघेत आलेली गाठ हे प्लेगचे मुख्य लक्षण होते. ‘गाठ’ हा शब्द उच्चारताच घर रिकामे करावे लागणार असेल, तर तो शब्द कोण उच्चारील? ज्या क्षणी नोंद ही शिक्षा ठरली, त्या क्षणी नोंदीतील सत्य घटू लागले.

याच शहरात काही वर्षांनी निराळ्या प्रकारची नोंदही झाली. १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधकांनी परळच्या प्रयोगशाळेला केंद्र करून मुंबईत मेलेले उंदीर वस्तीनिहाय आणि दिवसवार तपासले. आधी उंदरांतील साथ आणि मागाहून माणसांतील साथ असा क्रम त्यांतून स्पष्ट झाला आणि उंदरांवरील पिसवांची भूमिका प्रस्थापित होण्यास मदत झाली. उंदरांच्या मृत्यूविषयी खोटे सांगण्याचे कोणाला कारण नव्हते. ज्या प्रयोगशाळेशी हे काम निगडित होते, तिलाच १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

४. संगणकापूर्वीची शिस्त

स्वातंत्र्योत्तर काळात नोंदीच्या शिस्तीचे एक महत्त्वाचे उदाहरण कर्करोगाचे आहे. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातील पहिली कर्करोग नोंदणी होय. अशा नोंदणीत केवळ एका रुग्णालयातील रुग्ण मोजून भागत नाही. ठरावीक भूभागातील प्रत्येक रुग्ण शोधावा लागतो आणि तोच रुग्ण तीन रुग्णालयांत गेला असेल तर तीनदा मोजला जाणार नाही, हे पाहावे लागते. नावांची निरनिराळी स्पेलिंगे, बदललेले पत्ते, लग्नानंतर बदललेली आडनावे यांतून एक व्यक्ती ओळखणे हे कार्डे आणि फायलींच्या त्या काळात कष्टाचे काम होते. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१-८२ च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा मुंबईचा हा अनुभव हाताशी होता.

१९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत रुग्ण रुग्णालयात येत होता आणि त्याची नोंद तेथे सापडत होती. बार्शीच्या परिसरातील खेड्यांत मात्र अनेक रुग्ण निदानापर्यंत पोचतच नव्हते. म्हणून तेथे कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून, संशयास्पद लक्षणे असलेल्यांना तपासणीस आणण्याची पद्धत अवलंबिली. नोंद करण्यासाठी आधी संवाद करावा लागला आणि त्या संवादामुळे काही रुग्ण उपचारापर्यंत लवकर पोचले. मोजणे आणि सेवा करणे ही दोन कामे येथे एकमेकांपासून वेगळी राहिली नाहीत.

५. मृत्यूची तोंडी हकीकत

हेच सूत्र गडचिरोली जिल्ह्यात अधिक स्पष्टपणे दिसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था तेथे स्थापन केली. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे त्यांना आढळले. त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांची तशी तपासणी त्यापूर्वी कधीच झाली नव्हती. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अंगावरून पांढरे जाते’ हे वाक्य गावातील स्त्रिया एकमेकींत नित्य बोलत होत्या. शासकीय आरोग्ययंत्रणेच्या नोंदीत त्याला जागा नव्हती, कारण तेथे स्त्रीची नोंद मुख्यतः गर्भारपण आणि कुटुंबनियोजन यांपुरती होत असे.

याच संस्थेने १९९० च्या दशकात नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया, म्हणजे आरोग्यदूत, प्रत्येक बाळाच्या घरी जाऊन पाहणी, नोंद आणि उपचार करीत होत्या. तुलनेसाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्के घट दिसली आणि १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगाच्या संशोधनात ज्यांचे आकडे मान्य झाले, त्या नोंदी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी लिहिल्या होत्या. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्रातील अनेक स्वयंसेवी संस्थांच्या पाहणीवर आधारलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने शासकीय नोंदीतून कितीतरी बालमृत्यू गळत असल्याचे दाखवून दिले.

सबंध देशाच्या पातळीवर हा प्रश्न किती मोठा आहे, हे एका आकड्यावरून कळते. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. तरीही २०२० च्या शासकीय अहवालानुसार नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. ही उणीव भरून काढण्यासाठी भारताच्या महानिबंधकांचे कार्यालय आणि टोरांटो येथील डॉ. प्रभात झा यांच्या नेतृत्वाखालील संशोधक यांनी या शतकाच्या आरंभी दशलक्ष मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. प्रशिक्षित पाहणीदार मृताच्या घरी जाऊन प्रश्नावली भरीत. त्याबरोबरच नातेवाइकांनी सांगितलेली हकीकत स्थानिक भाषेत लिहून घेत. ती भाषा जाणणारे दोन डॉक्टर ही हकीकत स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवीत. त्यांच्यात मतभेद झाल्यास ज्येष्ठ डॉक्टर निर्णय देत. या पद्धतीला मौखिक शवपरीक्षा म्हणता येईल.

सर्पदंशाच्या बाबतीत या अभ्यासाचा निष्कर्ष विलक्षण होता. सुमारे १ लाख २३ हजार मृत्यूंच्या पाहणीवरून २००५ या वर्षी भारतात सुमारे ४६ हजार लोक सर्पदंशाने मरण पावले, असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयांच्या नोंदीतील आकडा याच्या तुलनेत अगदी किरकोळ होता. या मृत्यूंपैकी ९७ टक्के ग्रामीण भागातील होते आणि पावसाळ्यात त्यांची संख्या वाढत होती. मरणारा रुग्णालयात पोचलाच नाही, म्हणून तो रुग्णालयाच्या आकड्यात आला नाही. त्याची हकीकत मात्र घरच्यांना तोंडपाठ होती. त्यांना कोणीतरी विचारण्याचीच काय ती गरज होती. पुढे मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

येथे भाषेचा एक बारकावा लक्षात घ्यावा. मराठी मुलखात सापाचे नाव घेणे टाळतात. ‘जनावर चावले’, ‘लांबडे दिसले’ असे म्हणतात. ‘पान लागले’ हा तर सर्पदंशाचाच जुना वाक्प्रचार आहे. हकीकत मराठीत लिहिलेली असेल आणि वाचणारा ही भाषा जाणत असेल, तरच ‘पान लागून गेला’ या तीन शब्दांतून मृत्यूचे कारण कळेल. ज्याला ती बोली ठाऊक नाही, त्याच्यासाठी ही नोंद निरर्थक ठरेल.

६. संगणकावरील नोंद

वैद्यकीय नोंद हे शिक्षणाचे साधन आहे, हा विचार अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये ठामपणे मांडला आणि पुढे संगणकावर आधारलेली नोंदव्यवस्थाही उभारली. त्यांच्या पद्धतीत रोजच्या टिपणाचे चार भाग असतात : रुग्णाने सांगितलेले, डॉक्टरने पाहिलेले, त्यावरून केलेला विचार आणि पुढील योजना. संगणकाच्या या आद्य पुरस्कर्त्याने पहिले स्थान रुग्णाच्या सांगण्याला दिले होते. आज अनेक ठिकाणी हा पहिला रकाना एका शब्दात उरकला जातो.

भारतात इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर झाली आणि २०१६ मध्ये सुधारण्यात आली. वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीचे सदस्यत्व देशाने २०१४ मध्ये घेतले. या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर लागू झाले. त्यात नागरिकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो आणि संमतीने नोंदी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येतात. एका गावातील नोंद दुसऱ्या शहरात उपलब्ध होणे हे स्थलांतरित मजुराच्या दृष्टीने मोठेच साहाय्य आहे. जस्सावालांच्या काळात कार्डांवर करावे लागणारे ओळख पटवण्याचे काम अशा क्रमांकाने पुष्कळ सुकर होते.

परंतु त्या क्रमांकाखाली काय लिहिले जाते? एक साधे उदाहरण घेऊ. मराठी रुग्ण ‘चक्कर येते’, ‘घेरी येते’, ‘सगळे गरगर फिरते’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ अशी निरनिराळी वाक्ये बोलतो. केसपेपरवर या सर्वांसाठी ‘गिडीनेस’ हा एकच इंग्रजी शब्द लिहिण्याचा प्रघात आहे. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र भोवतालचे सारे फिरते आहे असे वाटणे आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे यांत महत्त्वाचा भेद आहे. पहिल्यात अंतर्कर्णातील दोषाचा विचार प्रथम करावा लागतो, दुसऱ्यात रक्तदाबाचा आणि हृदयाचा. हा भेद रुग्णाच्या मराठीत होता. नोंदीच्या इंग्रजीत तो पुसला गेला आणि पुढे कितीही प्रगत यंत्र आले तरी त्या एका शब्दातून त्याला तो परत मिळणार नाही.

अलीकडील दोन घटना या संदर्भात उद्‌बोधक आहेत. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका संगणकीय पद्धतीचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणाला अधिक काळजीची गरज आहे हे ठरवताना ती पद्धत आजाराऐवजी उपचारावर झालेला खर्च मोजत होती. कृष्णवर्णीयांवर होणारा खर्च मुळात कमी असल्याने, तितकेच आजारी असूनही ते कमी गरजू ठरत होते. दुसरी घटना कोविडच्या काळातील. २२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीचा एक लेख प्रसिद्ध झाला. सर्जिस्फिअर या कंपनीने ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६ हजार रुग्णांच्या नोंदी पुरवल्याचे त्यात म्हटले होते. मूळ नोंदी स्वतंत्र परीक्षणासाठी मिळू शकल्या नाहीत आणि दोन आठवड्यांच्या आत, ४ जून रोजी, तो लेख मागे घेण्यात आला. तोपर्यंत काही चाचण्या त्यामुळे थांबवण्यात आल्या होत्या. नोंद कोणी, कोठे आणि कशी लिहिली हे सांगता येत नसेल, तर आकड्याच्या विशालतेने त्याची उणीव भरून निघत नाही. ग्रॉन्टने १६६२ मध्ये विचारलेला प्रश्न येथे कोणी वेळेवर विचारला नव्हता.

७. वैद्यकीय शिक्षणापुढील प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मराठी आणि गुजराती भाषांतून वैद्यक शिकवणारे वर्ग होते. पुढे शिक्षणाची भाषा इंग्रजीच राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाल्यानंतर हा वाद पुन्हा सुरू झाला. या वादात न शिरताही एक गोष्ट म्हणता येईल. पाठ्यपुस्तकाची भाषा कोणतीही असो, रुग्णाची भाषा विद्यार्थ्याला आलीच पाहिजे. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी स्वतंत्र भाग आहे. त्यात रुग्णाचे शब्द लिहून घेण्याचा आणि त्यांचा शास्त्रीय अर्थ लावण्याचा सराव सहज समाविष्ट करता येईल. दुसऱ्या प्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याला त्याची विशेष गरज आहे.

या कामी भाषाविभागांनाही वाटा उचलता येईल. शरीर, वेदना आणि आजार यांविषयीचे बोलीतील शब्द आणि वाक्प्रचार प्रदेशवार गोळा करून, वैद्यकतज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांच्या अर्थच्छटा निश्चित करणारे कोश तयार झाले पाहिजेत. मराठीप्रमाणेच गोंडी, कोरकू, भिली या भाषांतही हे काम व्हावे. तसेच संगणकीय नोंदीत संकेतांकाच्या शेजारी रुग्णाचे मूळ वाक्य त्याच्याच लिपीत ठेवण्याची सोय असावी. देवनागरी लिपी संगणकावर लिहिणे आता अवघड राहिलेले नाही, त्यामुळे तांत्रिक अडचणीचे कारण पुढे करता येणार नाही.

८. समारोप

ओर्ताच्या ‘मोडशी’पासून चौदा अंकी आरोग्य क्रमांकापर्यंतच्या या प्रवासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ज्या ज्या वेळी नोंद घेणाऱ्याने सांगणाऱ्याची भाषा समजून घेतली, त्या त्या वेळी नोंद ज्ञानाला उपयोगी पडली. बार्शी, गडचिरोली आणि दशलक्ष मृत्यूंचा अभ्यास ही त्याची उदाहरणे होत. दुसरा निष्कर्ष असा की, नोंद सांगणाऱ्याच्या हिताविरुद्ध वापरली जाईल अशी भीती निर्माण झाली की लोक सत्य सांगणे थांबवतात. १८९७ च्या पुण्याचा हा धडा आहे. २०२३ मध्ये झालेल्या व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. संमतीचा अर्ज रुग्णाला कळेल अशा भाषेत नसेल, तर त्याखालील अंगठा किंवा बटणावरील टिचकी यांना संमती म्हणणे कठीण आहे.

सर्पदंशाने मेलेल्या शेतमजुराची हकीकत त्याच्या घरात होती, पण ती देशाच्या आकड्यात येण्यासाठी कोणालातरी त्याच्या उंबऱ्यापर्यंत जावे लागले. पुढील काळात यंत्रे अधिक बुद्धिमान होतील यात शंका नाही. त्या उंबऱ्यापर्यंत जाणारी आणि तेथील बोली जाणणारी माणसे तयार करणे ही जबाबदारी मात्र वैद्यकीय शिक्षणाची आणि भाषेच्या अभ्यासकांची संयुक्त जबाबदारी राहील.